आमचे गुरुजी हे कुठं शिकले होते?

घरातली मुलगी शिक्षिका व्हायला डी.एल.एड.ला गेली, की पहिल्या सुट्टीत तिच्या पिशवीतून एक जाडजूड पुस्तक बाहेर पडतं. मुखपृष्ठावर ‘शैक्षणिक मानसशास्त्र’ असं छापलेलं असतं. देवबागेतल्या एखाद्या पडवीत बसलेले आजोबा ते पुस्तक चाळून हमखास विचारतील, “पोरांका शिकवूक ह्या कित्याक व्हया? आमचे गुरुजी ह्या खंय शिकलेले?”

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा झालेल्या कितीतरी गुरुजींनी कोकणातल्या दोन-दोन पिढ्या घडवल्या, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी पियाजे किंवा थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञांची नावं ऐकलीही नव्हती. दुसरीकडे, आज शिक्षक व्हायचं तर टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, १५० गुणांपैकी तब्बल ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे. म्हणजे सरकारला वाटतं हे हवं, आणि आजोबांना वाटतं याच्यावाचून काही अडलं नव्हतं. खरं काय?

माझं उत्तर असं, की आजोबांच्या गुरुजींना मानसशास्त्र येत होतं. फक्त ते त्यांना पंधरा-वीस वर्षं शिकवून झाल्यावर आलं. त्या आधीच्या वर्षांतल्या मुलांचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. ती मुलं शाळा सोडून होडीवर गेली आणि ‘त्याचा अभ्यासात जीव नव्हता’ एवढंच त्यांच्याबद्दल बोललं गेलं.

१. लाल पेन उचलण्याआधी

देवबाग म्हणजे मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या पुढे, समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्ये उरलेली चिंचोळी पट्टी. अशा गावातली दुसरीतली मुलगी आहे असं समजा. घरी, अंगणात, रापण ओढणाऱ्यांच्या गर्दीत ती मालवणी ऐकते आणि बोलते. ती वहीत लिहिते : ‘आंबो पिकलो. घोडो धावलो.’

बाई काय करतील? सर्वांत सोपं म्हणजे दोन वाक्यांखाली चार लाल रेघा. त्याहून जरा बरं म्हणजे वर ‘आंबा पिकला’ असं लिहून देणं. पण क्षणभर पेन खाली ठेवून त्या ओळींकडे पाहिलं, तर एक गोष्ट ध्यानात येते. मुलगी कुठंही गडबडलेली नाही. घोडो, आंबो, झेंडो, बांगडो. प्रमाण मराठीत जी पुल्लिंगी नामं ‘आ’ने संपतात, त्यांतली बहुतेक मालवणीत ‘ओ’ने संपतात, आणि क्रियापदही त्याच वाटेनं जातं. तिनं नियम मोडलेला नाही. तिनं नियम पाळलाय, फक्त तो घरचा आहे. निष्काळजी मूल एकदा असं, एकदा तसं लिहितं. दहाच्या दहा वेळा एकाच प्रकारे ‘चुकणारं’ मूल विचार करत असतं.

आता पुढची गंमत. बाईंनी महिनाभर ‘ओ’चा ‘आ’ करून घेतला आणि एके दिवशी तीच मुलगी लिहून आली : ‘बाबांनी माझा फोटा काढला.’ सगळा वर्ग हसेल. बाईंनी मात्र मनातल्या मनात पेढे वाटायला हवेत. कारण ‘फोटा’ हा शब्द तिनं कुणाकडूनही ऐकलेला नाही. तो तिनं घडवलाय. ‘शाळेत गेल्यावर शेवटचा ओ, आ होतो’ हा नियम ती स्वतःच शिकली आणि जरा जास्तच उत्साहानं लावून बसली. मानसशास्त्रात याला अतिसामान्यीकरण म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. नियम हाती लागला, की मूल तो आधी सगळीकडे लावून पाहतं आणि मग अपवाद शिकतं, इतकं आठवलं तरी काम भागेल.

म्हणून ‘फोटा’ ही ‘आंबो’च्या पुढची पायरी आहे. लाल पेनाला दोन्ही सारखेच दिसतात.

२. चुकीच्या उत्तरांत रस घेणारा तरुण

चुकीकडे असं पाहण्याची सवय शिक्षणशास्त्राला ज्याच्यामुळे लागली, त्याची सुरुवात मोठी साधी होती. १९२०च्या सुमारास ज्याँ पियाजे नावाचा स्विस तरुण पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेत होता. काम कंटाळवाणं. उत्तर बरोबर की चूक एवढं नोंदवायचं. पण पियाजेचं लक्ष बरोबर उत्तरांवरून उडालं. त्याला दिसलं, की एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेनं चुकतात आणि मोठ्या मुलांच्या चुका वेगळ्या असतात. मग तो मुलांना विचारू लागला, ‘तुला असं का वाटलं?’ पुढची साठ वर्षं त्याच प्रश्नात गेली.

त्याचे वयोगटाचे टप्पे पुढच्या संशोधनानं बरेच ढिले केले. काही गोष्टी मुलांना तो म्हणतो त्यापेक्षा लवकर कळतात. पण मूल म्हणजे रिकामी घागर नव्हे, ते मिळालेल्या सामानातून स्वतःची समजूत बांधत असतं, हे म्हणणं टिकलं. आपल्याकडे याला ‘ज्ञानरचनावाद’ असं भारदस्त नाव मिळालं. दहा-बारा वर्षांपूर्वी साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळांचं नाव झालं आणि राज्यभर वर्गांच्या फरशा रंगल्या : तक्ते, गोल, संख्यांच्या शिड्या. कुमठ्याच्या शिक्षकांनी आधी विचार केला होता, मग रंग आणला होता. पुष्कळ ठिकाणी रंगाचा डबा तेवढा पोचला. फरशीवरच्या शंभर चौकटी पाठ करून घेतल्या, तर तो फळ्यावरचाच पाढा, फक्त वाकून म्हटलेला.

३. एक कोडं, वाचकांसाठी

आता वही तुमच्या हातात. तिसरीतल्या एका मुलानं ही तीन गणितं सोडवलीत :

५२ − २७ = ३५
८४ − ३६ = ५२
७० − ४५ = ३५

तिन्ही चूक. ‘वजाबाकी कच्ची’ असा शेरा मारून मोकळं होता येईल. तसं करू नका. चौथं गणित ६३ − २८ असेल, तर हे मूल काय उत्तर देईल ते सांगा. बरोबर उत्तर ३५ आहे, ते विचारलेलं नाही. त्याचं उत्तर काय येईल?

पहिल्या गणितात एकं स्थानी २ आणि ७ आहेत. त्यानं ५ लिहिले. दुसऱ्यात ४ आणि ६, त्यानं २ लिहिले. तिसऱ्यात ० आणि ५, लिहिले ५. प्रत्येक घरात तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय, मग मोठा अंक वर असो वा खाली. दशकाला हात लावायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे ६३ − २८ चं त्याचं उत्तर ४५. ते वहीत तसंच सापडलं, तर तुम्ही त्याची चूक वाचलीत.

आणखी दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. ७८ − ३५ दिलं असतं तर त्यानं ४३ लिहिलं असतं, अगदी बरोबर. तिथं दशक सोडवावाच लागत नाही. बाईंनी परीक्षेत सगळी अशीच गणितं घातली, तर हा मुलगा पैकीच्या पैकी गुण घेऊन वर जाईल आणि पाचवीत अचानक ‘ढ’ ठरेल. दुसरी गोष्ट जरा झोंबणारी. हा नियम त्याला दिला कुणी? ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं’ असं पहिलीत आपणच म्हणून घेतलेलं असतं. एक अंकी संख्यांना ते लागू पडतं. मुलानं फक्त आपला शब्द खाली पडू दिला नाही.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये अशा चुकांवर एक प्रसिद्ध लेख लिहिला. ‘बगी’ नावाच्या संगणकीय खेळात यंत्र एखाद्या मुलाचं सोंग घ्यायचं आणि ठरावीक चूक करत राहायचं. समोर बसलेल्या भावी शिक्षकानं नवीनवी गणितं घालून ती चूक ओळखायची. शिक्षक-प्रशिक्षणात मानसशास्त्राची जागा कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी या खेळाकडे बोट दाखवीन. त्यात व्याख्या एकही नाही. समोरचं डोकं कसं चाललंय याचा अंदाज बांधायचा, तो तपासायला नेमका प्रश्न विचारायचा, आणि अंदाज चुकला तर सोडून द्यायचा, एवढाच खेळ.

४. नारळाचा हिशोब आणि पाटीवरचा हिशोब

ब्राझीलमधल्या रेसिफे या बंदराच्या शहरात टेरेझिन्या कॅराहर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांकडून जिन्नस विकत घेतले आणि घेताघेता हिशोब विचारले. त्यांचा लेख १९८५ मध्ये आला. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, एक नारळ ३५ क्रुझेरोला, तर चार केवढ्याला? तो म्हणाला, तिनाचे एकशेपाच, अधिक तीस, एकशेपस्तीस, एका नारळाचे पस्तीस, म्हणजे एकशेचाळीस. बरोबर. पुढे कागदावर त्यालाच ३५ गुणिले ४ दिलं. त्यानं उत्तर लिहिलं २००. चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. हातचा आधी मिळवला आणि मग गुणलं. एकूण पाहिलं तर बाजारात विचारलेल्या हिशोबांपैकी ९८ टक्के बरोबर आले, आणि कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत ३७ टक्के.

नारळ विकताना २०० हे उत्तर त्यानं स्वतःच हसून फेटाळलं असतं. कागदावर मात्र उत्तर शहाणपणाचं आहे का, हे पाहायचं असतं असं त्याला वाटलंच नाही. तिथं रीत पाळायची असते. २०२५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसलं. उलट बाजूही दिसली : शाळेतली गणितं येणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळली.

हे देवबागेत आणून पाहा. पर्यटकाला तीन शहाळी दिली, एक चाळीसचं, दोनशेची नोट आली. घरच्या टपरीवर बसणारं पोर ऐंशी रुपये मोजून हातावर ठेवतं. त्याच पोराला वर्गात २०० − १२० उभ्या मांडणीत दिलं की ते ओठ चावतं. एका मुलात दोन गणितं राहतात आणि दोघांची ओळख नाही. ही ओळख आपोआप होत नाही, करून द्यावी लागते. ‘शहाळ्यांचा हिशोब तू कसा केलास ते सांग’ म्हणून आधी तोंडी बोलतं करायचं, त्याच्या शब्दांतच फळ्यावर मांडायचं, आणि मग शेजारी उभी मांडणी लिहून दोन्हींत एकच गोष्ट कुठं घडतेय ते शोधायला लावायचं.

इथं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की कामाला येतो. मूल एकट्यानं काय करू शकतं आणि थोड्या आधारानं काय करू शकतं, यांतल्या अंतरात शिकवणं घडतं, असं त्याचं म्हणणं. बी.एड.च्या पुस्तकात याला लांबलचक नाव आहे. ज्याला पाठीवर दोन सुके नारळ किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकवलंय, त्याला ते अंगाला माहीत असतं. नारळ बांधले नाहीत तर पोर गटांगळ्या खातं, आणि कधी सोडले नाहीत तर जन्मभर नारळच पोहतात.

५. आठवणीचा उलटा न्याय

डी.एल.एड.ची आपली विद्यार्थिनी स्वतः परीक्षेचा अभ्यास कसा करते? धडा वाचते, पुन्हा वाचते, रंगीत पेनानं रेघा मारते. तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून पुस्तक मिटते.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन उतारे वाचायला दिले. एक त्यांनी पुन्हा वाचला. दुसरा पुन्हा न वाचता आठवेल तेवढा लिहून काढला. ज्यांची परीक्षा पाच मिनिटांनी घेतली, त्यांना पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला, ८१ विरुद्ध ७५ टक्के. ज्यांची आठवड्यानं घेतली, त्यांच्यात पारडं फिरलं. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६. ओळखीचं वाटणं आणि आठवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ली आणि समुद्राच्या संगमावर पर्यटकांना रोज नेणाऱ्या माणसाला वाट येते, कारण तो स्वतः होडी हाकतो. होडीत बसून शंभरदा गेलेल्याला येईलच असं नाही.

म्हणजे चाचणी ही मुलाला जोखण्याची वस्तू असण्याआधी शिकण्याची वस्तू आहे. रोज तासाच्या आरंभी, गुण न देता, ‘काल काय झालं ते पाच मिनिटांत लिहा’. यापेक्षा स्वस्त शैक्षणिक साहित्य मला माहीत नाही.

६. कुत्रा, मांजर, कबूतर

हे सगळं इतकं उपयोगी, तर अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेले शिक्षक या विषयाचं नाव काढताच जांभई का देतात?

कारण त्यांना तो प्राणिसंग्रहालयाच्या सहलीसारखा शिकवला जातो. आधी पावलॉवचा कुत्रा, त्याची लाळ. मग थॉर्नडाइकचं पेटीतलं मांजर, स्किनरचं कबूतर, शेवटी कोलरचा केळी काढणारा चिंपांझी. प्रत्येकापुढे एक उपपत्ती, पाच वैशिष्ट्यं, चार शैक्षणिक फलितं. वर्षभर हिंडून सगळे प्राणी पाहून होतात. मूल काही दिसत नाही.

दुसरीकडे सराव पाठ. त्यात पूर्वी हर्बार्टची पंचपदी होती, नंतर सूक्ष्म अध्यापन आलं. ते १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून निघालं. आपल्याकडच्या रूढ रीतीत सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुन्हा आखणी, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं प्रत्याभरण, अशी छत्तीस मिनिटांची फेरी असते. कल्पना चांगली आहे, एका वेळी एकच कौशल्य घोटायचं. पण समोर मुलांच्या जागी बहुधा वर्गमैत्रिणीच बसलेल्या असतात, आणि त्या चुकतात तेही शहाण्यासारखं. ‘आंबो’ लिहिणारं कुणी तिथं नसतं. म्हणजे मानसशास्त्राच्या तासाला मूल नाही, आणि सरावाच्या तासाला मूल असलंच, तरी मानसशास्त्राची वही घरी.

विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंतानं १८९०च्या दशकात शिक्षकांपुढे व्याख्यानं दिली, ती १८९९ मध्ये पुस्तकरूपानं आली. मानसशास्त्रातून पाठ कसा घ्यायचा ते थेट काढता येईल असं समजू नका, हे त्यानं तेव्हाच बजावलं होतं. शास्त्र हे शास्त्र आहे, शिकवणं ही कला आहे. याचा अर्थ शास्त्र नको असा नाही. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीन वाजता. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. हे न कळणाऱ्याच्या होडीत मी बसणार नाही. पण कर्लीच्या मुखाशी वाळूची पट्टी यंदा कुठं सरकलीय, ते तिथीला माहीत नसतं. ते होडीवाल्यानंच पाहावं लागतं. तिथी न येणारा आणि पाण्याकडे न बघणारा, दोघेही होडी वाळूत घालतात.

खोटी तिथी सांगणारेही असतात, हे बोललंच पाहिजे. ‘हे मूल दृश्य शैलीचं, हे श्राव्य शैलीचं, हे कृतिशील’ अशी वर्गवारी प्रशिक्षणांत अजून हिरिरीनं केली जाते. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासलं. ज्याच्या त्याच्या ‘शैली’प्रमाणे शिकवल्यानं शिकणं सुधारतं, असं म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. शिक्का मारला की शिक्षकाचं बघणं थांबतं. ‘ढ’ हा शिक्का असतो, तसा ‘श्राव्य’ हाही.

७. ट्रेनिंग कॉलेज सोडून आलेल्या प्राचार्य

प्रशिक्षणात मूल परत कसं आणायचं, याचं उत्तर महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर, पण उत्तरेच्या टोकाला सापडतं.

ताराबाई मोडक या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या, शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेच्या प्रमुख. ती जागा सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. पदाच्या हिशोबात ही उतरणच. पण शिकवायला शिकवणाऱ्या बाईंना लहान मुलांजवळ बसून शिकायचं होतं. तिथल्या माँटेसोरी पद्धतीत शिक्षिकेचं पहिलं काम निरीक्षण हे असतं. मूल वस्तूशी काय करतंय ते पाहायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. ज्यांना हे सोपं वाटतं, त्यांनी दहा मिनिटं करून पाहावं.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. तिथं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत टिकत नव्हती. ‘पालकांना शिक्षणाची आवड नाही’ हे उत्तर तयारच होतं. पण जवळून पाहिलं तेव्हा दिसलं, की मोठी मुलं धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि गुरांमागे रानात जातात. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरांमागे नेली, ती कुरणशाळा. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. साहित्यही आसपासचं : शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. कोसबाडला तयार झालेल्या बालसेविका शाळेला लागूनच शिकल्या. सिद्धान्त आणि मूल एकाच अंगणात.

८. परत देवबागेत

सिंधुदुर्गातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत पट वीसच्या आत आहे. एका खोलीत दोन-तीन इयत्ता. तक्रारीचा विषय खराच. आंतरवासितेला आलेल्या भावी शिक्षिकेला मात्र इथं अशी एक गोष्ट मिळते, जी शहरातल्या साठ मुलांच्या वर्गात मिळत नाही : एका मुलाशेजारी बसायला वेळ.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. आंतरवासितेत पाठ टाचणाच्या वहीसोबत एक चुकांची वही द्यावी. रोज एका मुलाची एकच चूक, जशी लिहिली तशी उतरवायची. खाली स्वतःचा अंदाज : त्यानं असं का केलं असेल? मग अंदाज तपासायला विचारलेला प्रश्न आणि मुलाचं उत्तर, त्याच्याच बोलीत. आठवड्यानं अध्यापक विद्यालयात या वह्या उघडायच्या आणि मग पियाजे काय म्हणतो ते काढायचं. क्रम उलटा केल्यानं कुत्रा-मांजरंही कधीकधी कामाला येतात.

आजोबांच्या नातीनं अशी वही केली, असं समजू. पहिल्या पानावर ६३ − २८ = ४५ आहे. खाली तिनं दोन अंदाज लिहिलेत. एक, लक्ष नव्हतं. दोन, दशक सोडवायचा विसरला. दोन्ही तिनं पुढे खोडलेत. त्याखाली तिचा प्रश्न आहे, ‘हे तू कसं केलंस?’

आणि मुलाचं उत्तर : “तिनातून आठ कशे जातले? म्हणान आठातून तीन काढलंय.”